पोटावरची पिशवी निघाली, पण त्या जागेचा हर्निया कसा टाळायचा?

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात कुणाच्या पोटाला पिशवी लागली, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच तारखेकडे असतं. पिशवी कधी निघणार? टायफॉइडनं आतड्याला पडलेलं छिद्र, आतड्याचा टीबी, आतड्याला बसलेला पीळ, अपघातात पोटाला लागलेला मार, गुदाशयाचा कॅन्सर, कारण काहीही असो. दोन-तीन महिने माणूस लग्नाला जात नाही, एसटीत बसायला कचरतो, कामावर जात नाही. मग खामगावला किंवा अकोल्याला दुसरं ऑपरेशन होतं, पिशवी निघते आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे.

काही महिन्यांनी त्याच जागी, उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर, लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागतो. आडवं झालं की तो आत जातो. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. हा ऑपरेशनच्या जागेचा हर्निया. डॉक्टर त्याला इन्सिजनल हर्निया म्हणतात. तो मोठा झाला की पुन्हा भरती, पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा बुडालेली मजुरी.

हा हर्निया दर वेळी टाळता येतोच असं नाही, पण त्याची शक्यता बरीच कमी करता येते. त्यासाठीच्या बहुतेक गोष्टी पिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशनच्या टेबलवर ठरतात. आपल्याकडे मात्र सगळा भर नंतरच्या पट्ट्यावर असतो.

भिंतीला पाडलेलं भोक

पोटाची भिंत म्हणजे नुसती कातडी नाही. कातडीखाली चरबी, त्याखाली स्नायू, आणि त्या स्नायूंना पुढून-मागून धरून ठेवणारं पांढरं, चिवट आवरण असतं. आतडी जागेवर राहतात ती मुख्यतः या आवरणामुळे. आतड्याचं टोक किंवा वळसा बाहेर काढायचा, तर या सगळ्या थरांतून दोन बोटं जातील एवढं भोक पाडावं लागतं. लहान आतडं बाहेर काढलं तर इलिओस्टॉमी आणि मोठं आतडं काढलं तर कोलोस्टॉमी. बाहेर आलेल्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात.

स्टोमा काही आठवडे किंवा महिने तसाच राहतो. आतड्याच्या रोजच्या हालचालीनं भोक थोडं थोडं मोठं होत जातं. शेजारचे स्नायू बाजूला सरकतात, कडा पातळ होतात. नंतर सर्जन आतड्याची दोन तोंडं जोडतो, आतडं आत ढकलतो आणि भिंत शिवतो. म्हणजे टाके पडतात ते आधीच ढिल्या झालेल्या कापडाला. त्यात ही जागा स्वच्छ नसते. इतके दिवस तिथून मळ बाहेर पडत होता, जंतू कातडीवर आणि आसपास असतातच. जखमेत पू झाला की टाके धरून ठेवणारं मांस मऊ पडतं आणि काही महिन्यांनी तिथेच फट पडते. जखमेतला संसर्ग आणि नंतरचा हर्निया यांचं नातं सर्जन लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

पहिलं ऑपरेशन घाईत, पोटाच्या मध्यावर उभा छेद घेऊन झालं असेल, तर तिथेही हर्निया होऊ शकतो. टायफॉइडनं आतडं फुटून पोटभर घाण पसरली होती अशा पेशंटमध्ये ही शक्यता जास्त. त्यामुळे लक्ष ठेवायच्या जागा दोन आहेत, जुना लांब छेद आणि पिशवीची जागा.

किती जणांना होतो?

याचं उत्तर कोण शोधतंय आणि कसं शोधतंय यावर अवलंबून आहे. २०१२ मध्ये तोवरच्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळे अभ्यास मिळून प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास निघालं. पण ज्या अभ्यासांत हर्निया शोधणं हाच मुख्य हेतू होता, तिथे ते तीस टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे जवळपास तिघांत एक. अर्थ सरळ आहे, कुणी विचारलं नाही तर हर्निया नोंदला जात नाही. पेशंट फुगवटा घेऊन जगत राहतो आणि 'ऑपरेशन झालं की असं होतंच' अशी समजूत करून घेतो.

यातले सगळेच हर्निया धोक्याचे नसतात. काही फक्त सीटी स्कॅनवर दिसतात आणि कधीच त्रास देत नाहीत. पण ज्याचं पोट अंगमेहनतीवर चालतं त्याच्यासाठी छोटा हर्नियाही छोटा राहत नाही.

आधीच जाळी लावली तर?

हर्निया झाल्यावर जाळी लावून तो दुरुस्त करतात, हे अनेकांना माहीत असतं. मग पिशवी काढतानाच भिंतीत जाळी बसवली तर हर्निया होणारच नाही का? हा प्रश्न युरोपातल्या ३७ हॉस्पिटलांनी मिळून तपासला. ब्रिटन, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या ७९० पेशंटची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची भिंत नेहमीसारखी शिवली, दुसऱ्या गटात शिवताना जैविक जाळी बसवली. निकाल २०२० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांनी तपासल्यावर हाताला लागणारा हर्निया साध्या टाक्यांच्या गटात २० टक्के लोकांना होता, जाळीच्या गटात १२ टक्के लोकांना. जखमेतला संसर्ग किंवा दुखणं जाळीमुळे वाढलेलं दिसलं नाही.

फरक खरा आहे, पण जादू नाही. साधारण बारा-तेरा जणांना जाळी बसवली तर एकाचा हर्निया टळतो आणि जाळी बसवूनही शंभरांतल्या बारा जणांना तो होतोच. शिवाय त्या चाचणीतली जाळी डुकराच्या त्वचेवर प्रक्रिया करून बनवलेली होती. ती साध्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा कितीतरी महाग असते. धर्मामुळे किंवा आहाराच्या पथ्यामुळे ज्यांना ती नको असेल, त्यांनी जाळी कशाची आहे हे आधीच विचारावं. सर्जनला या प्रश्नाचा राग येण्याचं काही कारण नाही.

जाळीच्या किमतीचा प्रश्न महाराष्ट्रातल्या एका सर्जननं फार पूर्वीच उचलला होता. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मच्छरदाणीचं कापड वापरून पाहिलं. खेड्यातल्या पेशंटला कंपनीची जाळी परवडत नाही आणि मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड जवळपास तेच काम करतं, हा त्यामागचा विचार. सहकारी डॉक्टरांबरोबरचे त्यांचे अनुभव २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये छापून आले. पुढे आफ्रिकेतल्या सर्जननी हे कापड उचललं. युगांडात ३०२ पुरुषांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. खानदेशातल्या एका तालुक्याच्या पातळीवरच्या गावातून निघालेली ही कल्पना जगातल्या सर्वात नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात पोचली, याची महाराष्ट्रात व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही.

मात्र युगांडातली चाचणी जांघेतल्या हर्नियावर होती. तिथली जखम स्वच्छ असते. पिशवीची जागा तशी नसते. संसर्ग झालेल्या जागी प्लास्टिकची जाळी बसवली आणि ती पिकली, तर कधी कधी काढूनच टाकावी लागते. म्हणून पिशवी काढताना जाळी लावायची की नाही, कोणती लावायची आणि भिंतीच्या कोणत्या थरात, हा निर्णय पेशंट पाहूनच होतो. लठ्ठपणा, शुगर, धूम्रपान, आधीचा हर्निया, कायमचा खोकला यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर जाळीचा विषय निघायला हवा. डॉक्टरांनी काढला नाही, तर पेशंटनं किंवा नातेवाइकांनी काढावा.

टाक्यांचा हिशेब

जाळीची चर्चा खूप होते, टाक्यांची होत नाही. १९७६ मध्ये जेनकिन्स या ब्रिटिश सर्जननं एक साधा हिशेब मांडला होता. पोटाची भिंत शिवायला लागलेला धागा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट असावा. धागा कमी लागला, म्हणजे टाके लांब लांब पडले किंवा फार आवळले गेले. ऑपरेशननंतर पोट फुगलं की असा धागा मांस कापत जातो.

नेदरलँड्समधल्या ५६० पेशंटच्या चाचणीत याच्याही पुढचं दिसलं. मध्यावरचा छेद एक-एक सेंटिमीटरच्या मोठ्या टाक्यांनी शिवला, तर वर्षभरात २१ टक्के लोकांना हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरच्या बारीक टाक्यांनी शिवला तेव्हा १३ टक्के. हे निकाल २०१५ चे आहेत आणि मध्यावरच्या छेदाचे आहेत, पिशवीच्या जागेचे नाहीत. पण त्यातून कळतं, की काही मिनिटं जास्त घेऊन केलेलं काम वाया जात नाही.

वरची कातडी कशी बंद करायची याचेही दोन प्रकार आहेत. एकात कडा सरळ रेषेत जोडतात. दुसऱ्यात बटव्याचा नाडा ओढावा तसा गोल टाका घेऊन तोंड आवळतात आणि मध्ये बोटाचं टोक जाईल एवढं भोक मुद्दाम उघडं ठेवतात. आतलं पाणी तिथून निघून जातं, त्यामुळे जखम पिकण्याचं प्रमाण कमी राहतं. अनेक चाचण्यांमध्ये हे दिसून आलं आहे. घरी आल्यावर मात्र नातेवाइकांची झोप उडते, टाके उसवले असं वाटतं. ते उसवलेले नसतात. हे भोक ड्रेसिंग करत करत काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. त्यात हळद, राख किंवा कसलाही लेप भरू नये.

तारीख मिळण्याआधीचे आठवडे

पेशंटच्या हातात सर्वात जास्त असतं ते इथे. पिशवी लागल्यापासून ती निघेपर्यंत साधारण दोन ते तीन महिने मिळतात, कधी जास्त. बहुतेक घरांत हा काळ नुसता वाट पाहण्यात जातो.

पहिली गोष्ट विडी-सिगारेट. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी ती पूर्ण बंद केली तर जखम पिकण्याचं आणि छातीत कफ साठण्याचं प्रमाण कमी होतं. कफ म्हणजे खोकला आणि खोकला म्हणजे ताज्या टाक्यांना आतून बसणारा धक्का, दिवसातून शेकडो वेळा. विदर्भात विडीपेक्षा खर्रा जास्त चालतो. खर्ऱ्यावर एवढे अभ्यास नाहीत, पण त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतंच. तेव्हा तोही सोडलेला बरा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. आतड्याच्या टीबीमुळे पिशवी लागली असेल, तर औषधांचा कोर्स मध्येच सोडून पिशवी काढायची घाई करण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसाला लघवीला जोर लावावा लागत असेल तर प्रोस्टेटचा इलाज आधी व्हावा. बद्धकोष्ठाचंही तेच. पोटावर रोज येणारा जोर कुठून येतोय, हे आधी शोधून ठेवायचं.

शुगर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. अशक्तपणाकडे मात्र दुर्लक्ष होतं. लहान आतड्याची पिशवी असलेल्या माणसाच्या शरीरातून पाणी आणि मीठ सतत जात असतं. बुलढाण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर तो अक्षरशः सुकतो. त्यात 'पिशवी लवकर भरते' म्हणून तो जेवण कमी करतो. वजन उतरतं, रक्त कमी होतं, प्रथिनं कमी होतात. अशा शरीरात टाके चांगले पडले तरी मांस जुळायला माल नसतो. डाळ, अंडी, दूध-दही, बारीक कुटलेले शेंगदाणे, जे चालतं आणि परवडतं ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पाण्याबरोबर मीठ-साखरही पोटात जायला हवी. किडनीचा किंवा ब्लडप्रेशरचा आजार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

उलट बाजूही आहे. वजन फार जास्त असेल तर चरबीचा जाड थर जखम पिकवतो आणि भिंतीवर कायमचा भार टाकतो. पिशवी तातडीनं काढायची नसेल, तर काही सर्जन वजन कमी करायला वेळ देतात. तारीख पुढे ढकलली म्हणून त्यांच्यावर चिडू नये.

पैशांचं काय, हेही याच काळात पाहावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात. पिशवी काढण्याचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं आणि जाळी लागली तर तिचा खर्च त्यात धरलाय का, हे भरती व्हायच्या आधी त्यांना विचारून घ्यावं.

घरी आल्यावर: हंडा, फवारणी पंप आणि पट्टा

'जड उचलू नका' असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. जड म्हणजे किती, ते लिहिलेलं नसतं. पंधरा लिटरचा भरलेला हंडा पंधरा किलोंच्या वर जातो. सोळा लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोंच्या आसपास. युरियाची गोणी ४५ किलोंची. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी सुरुवातीला हलकी असते, पण भरत जाते तशी थेट पोटावरच ओढ देते. यातलं काहीही पहिल्या महिन्या-दीड महिन्यात नको.

याला पुरावा किती? खरं सांगायचं तर थोडा. किती किलो आणि किती आठवडे, याबद्दल सर्जनांतच एकमत नाही. बहुतेक जण सहा ते आठ आठवडे सांगतात, कारण भिंतीची ताकद हळूहळू येते. जखम तीन महिन्यांत मूळच्या सुमारे ८० टक्के ताकदीपर्यंत पोचते, शंभर टक्के कधीच होत नाही. दुसऱ्या बाजूला, पलंगावर पडून राहणं हा उपाय नाही. दुसऱ्या दिवसापासून चालणं, हलकी घरकामं करणं चांगलंच. बंद असावं ते फक्त ओझं आणि झटका.

शेतमजुराला हे पाळणं किती अवघड आहे, ते वेगळं सांगायला नको. म्हणून ऑपरेशनची तारीख हंगाम पाहून मागावी. आतड्याची अवस्था परवानगी देत असेल, तर सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या तोंडावर पिशवी काढून घेण्यापेक्षा ती कामं संपल्यावर किंवा बरीच आधी काढलेली बरी. डॉक्टरांना हंगामाचं गणित माहीत असेलच असं नाही, ते सांगावं लागतं. बाईमाणसाच्या बाबतीत तर हंगाम बारा महिने असतो. पाणी, धुणं, लेकराला कडेवर घेणं. तिच्या वाटचं पाणी दीड-दोन महिने कोण भरणार, हे भरती व्हायच्या आधी घरात ठरलं पाहिजे.

उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरानं जोर देऊन उठायचं. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी धरायची. या सवयींनी दुखणं नक्की कमी होतं.

आता पट्टा. पोटाचा पट्टा बांधला की हर्निया होत नाही, असं मेडिकल दुकानापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. पट्ट्यानं आधार वाटतो, दुखणं कमी जाणवतं, चालायला धीर येतो. त्यासाठी तो बांधायला हरकत नाही. पण त्यानं हर्निया टळतो असं अजून कुठल्याही भक्कम अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. पट्टा बांधून गोणी उचलणं, हा तर सर्वात वाईट व्यवहार.

फुगवटा दिसलाच तर

हे हर्निया लगेच दिसत नाहीत. काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही दिसतात. म्हणून टाके काढले की काम संपलं, असं धरू नये. सहा महिन्यांनी, वर्षानं आणि दोन वर्षांनी एकदा दाखवून यावं. घरीही पाहता येतं. आरशासमोर उभं राहून, दोन्ही जागांवर हात ठेवून खोकायचं. हाताला काही धडकलं, तर डॉक्टरांकडे जायचं. आडवं झाल्यावर आत जाणारा, न दुखणारा फुगवटा ही धावपळ करण्याची वेळ नाही. सर्जन तपासून, गरज पडली तर सीटी स्कॅन काढून, ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं ते ठरवतील. त्यावर मालिश करू नये, दाबून बसवायला कुणाकडे जाऊ नये.

वेगळी गोष्ट तेव्हा, जेव्हा फुगवटा अचानक टणक होतो, आत जात नाही, दुखायला लागतो, वरची कातडी लाल पडते, उलट्या होतात, गॅस आणि संडास बंद होते. यातली एक-दोन लक्षणं जरी एकत्र आली, तर आतडं अडकलेलं असू शकतं आणि काही तासांत ते काळं पडू शकतं. तेव्हा काही खायला-प्यायला न देता १०८ ला फोन करून ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं. आधीच्या दोन्ही ऑपरेशनची कागदपत्रं बरोबर घ्यायची. आत कुठे जोड आहे आणि जाळी बसवली होती की नाही, हे रात्री दोन वाजता समोर आलेल्या नव्या सर्जनला त्या कागदांवरूनच कळणार असतं.